राजुरीच्या विहिरीत नसलेलं तांबं

कांचन,

तू गेल्याची बातमी तालुक्याच्या साप्ताहिकात आली, तेव्हा त्यांनी तुझ्या नावामागे 'डॉ.' लावलं. दुसऱ्या दिवशी महेंद्रचा फोन आला. तुझा सख्खा भाऊ, पण त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. शैलाताई, हे बरोबर आहे ना, म्हणून विचारत होता. बरोबर असेल तर फोटोखाली तसंच लिहून घ्यायचं होतं त्याला. मी नाही म्हणाले. तिचा प्रबंध पुरा झाला नव्हता रे, नुसतं कांचन लिही. तो हिरमुसला. मेलेल्या मैत्रिणीचा एवढा मान राखायला हिचं काय जात होतं, असं वाटलं असेल त्याला. पण तू असतीस तर त्याच दिवशी साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन दुरुस्ती छापायला लावली असतीस, आणि ती कोणत्या शब्दांत छापायची तेही संपादकाला लिहून दिलं असतंस. चूक दिसली की तुला घास गोड लागत नसे.

तो प्रबंध पुरा का झाला नाही, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच नीट माहीत नव्हतं. आता मला एकटीलाच माहीत आहे, आणि ते ओझं मला पेलवत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आपण एका टेबलावर आलो. मी राजुरीहून यायचे, जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माझ्या वेण्यांवर धुळीचा थर असायचा. तू नारायणगावच्या बाजारपेठेतली, शेतीऔषधांच्या दुकानवाल्या भाऊशेठची मुलगी. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी क्षार ओळखायला दिले आणि तुझ्या पुडीत निळे खडे निघाले. मी हळूच तुझ्या कानाशी म्हणाले, अगं, हे मोरचूद. आमच्या द्राक्षबागेत त्याचं पोतं कायम असायचं, आणि ते तुमच्याच दुकानातनं यायचं. तुला तर ते माझ्या आधीच कळलं होतं. तरीही तू एकेक चाचणी करत राहिलीस, घंटा होईपर्यंत. बाहेर आल्यावर मी विचारलं, माहीत होतं तर एवढा खटाटोप कशाला? तू सरळपणे म्हणालीस, बघून ओळखलं हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं? मला तेव्हा तू भयंकर आगाऊ वाटलीस. पुढच्या आठवड्यापासून मी तुझ्याच शेजारी बसायला लागले.

एम.एस्सी.ला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा भाऊशेठनी अट घातली होती की जायचं तर दोघींनी. माझ्या वडिलांनीही नेमकं तेच सांगितलं. दोन्ही घरांना वाटत होतं की समोरची मुलगी शहाणी आहे, ती आपल्या मुलीला सांभाळेल. परत आल्यावर आपल्याच कॉलेजात तासिकेवर लागलो, आणि काही वर्षांनी पुण्याच्या सरांकडे पीएच.डी.साठी नाव घातलं. सरांचा विषय होता चमकणारे रेणू. असा रेणू घडवायचा की जो अतिनील उजेडात चमकतो, आणि पाण्यात एखादा ठरावीक धातू भेटला की ज्याची चमक बदलते. म्हणजे पाण्यात तो धातू आहे की नाही, हे नुसतं डोळ्यांनी बघून कळावं. सरांच्या डोक्यात पारा आणि शिसं होतं. तू म्हणालीस, आमच्याकडं पारा कोण फवारतं? तांबं घेऊ या. सगळे द्राक्षवाले बोर्डो मारतात, मोरचूद आणि चुना कालवून. ते पावसानं धुऊन जातं कुठं, हे कुणी बघितलंय का?

कॉलेजात चमक मोजायचं यंत्र नव्हतं. ते पुण्यात, महिन्यातून दोन शनिवारी आपल्याला मिळायचं. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन आपण एसटीत बसायचो, आणि मंचरच्या थांब्यावर कुणी पिशवीला धक्का मारला की तू त्याच्याकडे असं बघायचीस की तो माणूस पुढच्या सीटवर जाऊन बसायचा. रोजच्या कामासाठी मात्र तू तुमच्या दुकानातलं नोटा तपासायचं यंत्र उचलून आणलंस, ते जांभळ्या ट्यूबचं. भाऊशेठ दोन दिवसांनी कॉलेजात आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "शैला, हिला सांग, गिऱ्हाइकाची नोट आता मी काय जिभेनं चाखून बघू?" यंत्र काही त्यांनी परत नेलं नाही. दुकानासाठी दुसरं आणलं.

सूर्य मावळायच्या आत तुझं जेवण व्हायला हवं असायचं. साडेपाच वाजले की तू हात धुऊन व्हरांड्यात डबा उघडायचीस, आणि मी जणू सहज तिकडे आल्यासारखी यायचे. तुझ्या आईच्या हातची गट्ट्यांची भाजी मी तुझ्याहून जास्त खाल्ली असेल. माझ्या डब्यात लसणाची चटणी असली की मी दोन हात लांब बसायचे. तू एकदाही मला लांब बस म्हणाली नाहीस, पण मीच बसायचे. आता वाटतं, आयुष्यात मी तुझ्यासाठी आपणहून केलेली तेवढी एकच गोष्ट असावी.

पहिला रेणू माझा होता. निळा-हिरवा चमकायचा, आणि तांब्याचा थेंब पडला की विझायचा. मी आनंदानं वेडी झाले होते. तू बाटली यंत्राच्या उजेडात धरून खूप वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, चांगलाय, पण हा विझतो. मी म्हटलं, तेच तर हवंय. तू म्हणालीस, विझायला शंभर कारणं असतात, शैले. तांब्यानंच विझला हे कशावरून? मी तुला तक्ता दाखवला. जस्त, शिसं, निकेल, कॅल्शियम, सगळं घालून बघितलं होतं. लोखंडानं थोडासा मंदावत होता, पण थोडासाच. तू म्हणालीस, लोखंड दहापट घालून बघ. मी म्हटलं, बघते. आणि बघितलं नाही.

हे तुला माहीत होतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण माझ्या वहीत ते पान नव्हतं आणि तू माझी वही वाचायचीस.

मग आपण विहिरींचं पाणी गोळा करायला लागलो. नारायणगाव, खोडद, मंचरकडच्या दोन वाड्या, राजुरी. खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या त्या भल्याथोरल्या अँटेनांच्या पलीकडच्या शेतात एका म्हातारबांनी आपल्याला त्या दुर्बिणीवर काम करणाऱ्याच बायका समजून आकाशातलं काय काय विचारलं होतं, आणि तू बिचाऱ्यांना निराश करायला नको म्हणून निदान चंद्राबद्दल माहीत होतं तेवढं सांगितलंस. सगळं पाणी ठीक निघालं. एकच बाटली विझली, पार काळीठिक्कर. राजुरीची, रंगनाथतात्यांच्या मळ्यातली.

तात्यांचा मळा आमच्या घराला लागून. त्यांच्या विहिरीवर मळ्यातली नऊ घरं पाणी भरायची. त्या दिवशी शनिवार होता, तू पुण्याला गेली होतीस. मी एकदाच चाचणी केली. दुसऱ्यांदा करावी असं मनात आलं होतं, हे मी आज कबूल करते. पण मला घरी जायचं होतं आणि मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. जेवताना मी आईला सांगितलं, तात्यांच्या विहिरीत तांबं उतरलंय, एवढी वर्षं बोर्डो मारून. आईनं सकाळी पाण्याला जाताना ते मळ्यात सांगितलं. सोमवारी नऊ घरांतल्या बायका अर्धा मैल लांबच्या विहिरीवर जायला लागल्या.

तात्या भांडायला आले नाहीत. तसे आले असते तर बरं झालं असतं. ते नुसते आपल्या बांधावर बसून राहायचे. माझ्या वडिलांना म्हणाले, "माझ्याच हातानं पाण्यात इख कालवलं, अन् लेकरांना पाजलं." त्या साली छाटणीनंतर आभाळ भरून आलं, सगळ्यांनी बोर्डोचे पंप काढले. तात्यांनी मोरचुदाला हात लावला नाही. तुमच्या दुकानात जाऊन भाऊशेठना पोतं परत देऊन आले. डाऊनीची बुरशी आली आणि बहरातले घड वेलीवरच काळे पडले. त्यांची दोन एकर बाग होती, त्यातलं एक खोकंही त्या वर्षी बाजारात गेलं नाही.

मी मात्र तोवर एका शोधपत्रिकेला लेख लिहून पाठवला होता. राजुरीची विहीर ही त्या लेखातली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

तू मला न विचारता त्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुण्याला नेलंस आणि ज्योतीत फवारून धातू मोजणाऱ्या मोठ्या यंत्रावर तपासून आणलंस. नंतर तात्यांच्या विहिरीवरही गेलीस, दिवसाउजेडी, पंपाचा पाइप बघायला. मग एका दुपारी प्रयोगशाळेचं दार लोटून तू कागद माझ्यासमोर ठेवलास. तांबं जवळजवळ नव्हतंच. लोखंड होतं, भरपूर. जुना पाइप आतून गंजून सडला होता. पाणी जरा तुरट लागलं असतं, बाकी काही नाही.

त्या दुपारी जे झालं ते मी पुन्हा पुन्हा आठवते. तू म्हणालीस, लेख परत घेऊ आणि आजच राजुरीला जाऊ. मी म्हटलं, प्रबंध द्यायला दोन महिने राहिलेत. एकदा देऊ, मग सांगू तात्यांना. पीक तर गेलंच आहे, आता घाई काय? तू म्हणालीस, बायका रोज एक मैल चालतायत, शैले. काही न सुचल्यावर माणूस जे बोलतो ते मी बोलले.

"तुला विज्ञानाची नाही, दुकानाची काळजी आहे. मोरचूद खपायला हवं ना तुमचं."

तू माझ्याकडे बघितलंस. रागावली नाहीस. कागद उचललास, घडी घातलीस, पर्समध्ये ठेवलास आणि गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तू फाटकापाशी जीपला हात केलास. आळेफाट्याची जीप होती. तिथं उतरून राजुरीची दुसरी घ्यावी लागते, आणि तुला जीपमध्ये उलटी व्हायची. त्या जीपमागं मी धावत जायला हवं होतं. मी परत टेबलाशी येऊन बसले.

तू तात्यांना सगळं सांगून आलीस, एवढं मला आईकडून कळलं. मळ्यातल्या बायका परत त्या विहिरीवर जायला लागल्या. तात्यांनी पाइप बदलला. मी लेख परत घेतला, कारण तू सरांनाही सांगितलं होतंस आणि मग दुसरा रस्ता नव्हता. प्रबंधातून विहिरीचं पान मी गाळलं, लोखंडाबद्दल एक ओळ घातली, आणि वर्षभरानं डॉक्टर झाले. तुझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं माझ्याच रेणूच्या आकड्यांवर उभी होती. ती तू काढून टाकलीस. सर म्हणाले होते, राहू देत, तुझी मोजमापं बरोबर आहेत. तू म्हणालीस, मोजमाप बरोबर आहे, पण काय मोजलं तेच चूक आहे. तुझ्यापाशी उरली नुसती प्रस्तावना.

आठ महिने आपण बोललो नाही. म्हणजे हजेरीपट, परीक्षेच्या पाळ्या, बर्नरची नळी, एवढ्यापुरतं बोलायचो. मी व्हरांड्यात यायचं सोडलं. त्या आठ महिन्यांत तुझी बोटं गुलाबी झाली होती. आधी मला वाटलं रंगपंचमीचा रंग आहे, पण रंगपंचमी होऊन महिना झाला तरी जाईना. विद्यार्थिनी मला विचारायच्या, मी म्हणायचे, मला काय माहीत.

एका साडेपाचला तू स्वतः माझ्या टेबलाशी आलीस. एका हातात डबा, दुसऱ्या हातात एक छोटी बाटली. बाटलीत पाण्यासारखं नितळ काहीतरी. तू सांगायला लागलीस, जणू आदल्या दिवशीच बोलणं अर्धवट राहिलं होतं. कापडाचा तो भडक गुलाबी रंग असतो ना, तो घेतला. त्याच्या रेणूत एक कडी बांधून टाकली. कडी बंद, तोवर रंग नाही, चमक नाही. तांबं आलं की तेच ती कडी उघडतं. आणि तू थेंब सोडलास. बाटली गुलाबी झाली, आणि जांभळ्या ट्यूबखाली धरली तर केशरी पेटली. मग तू दुसरी बाटली काढलीस आणि तिच्यात लोखंड घातलंस. दहापट. पाणी तसंच नितळ राहिलं. मी म्हटलं, किती रेणू झाले? तू म्हणालीस, हा तेरावा. सहावा पाऱ्यालाच भुलत होता, नववा तांबं ओळखायचा पण तासाभरानं, आपल्या रजिस्ट्रारसारखा.

मी हसले आणि मग रडायला लागले, आणि तू म्हणालीस, जेवून घे आधी, सूर्य चाललाय.

क्षमा मागायची ती वेळ होती. मी भाजी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी आपण दोघी तो रेणू घेऊन तात्यांकडे गेलो. विहिरीचं ताजं पाणी काढलं, पेल्यात घेतलं, तितकंच द्रावक ओतलं, तुझा थेंब घातला. काहीच झालं नाही. मग शेजारी त्यांच्याच घमेल्यातलं बोर्डो चिमूटभर दुसऱ्या तशाच पेल्यात घातलं, जरा लिंबू पिळलं, थेंब सोडला, आणि तो पेला गुलाबी झाला. तात्या उकिडवे बसून दोन्ही पेल्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "मंजी ह्यो दिवा लागला तरच भ्यायचं. हे बरं हाय. इझायला काय, वारा बी पुरतो." तू माझ्याकडे बघून हसलीस. अख्ख्या पुण्यात हे आपल्याला इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सरूबाई, तात्यांची बायको, घरातून बाहेर आल्या नाहीत. मला त्यांनी दाराआडून बोलावून चहा दिला. तू ओट्यावर बसून राहिलीस. मी म्हटलं, द्या ना कांचनलाही. त्या म्हणाल्या, त्यांचं काय, त्यांना आपल्या घरचं चालतंय का. मला ते पटलं. तुझं खाण्यापिण्याचं असायचंच काहीतरी. तू चहा घ्यायचीस, हे मला चांगलं माहीत होतं, तरी पटलं.

त्यानंतरची चार वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडत होतो, आणि ते भांडण आता तसंच राहिलं. तुझा रेणू निव्वळ पाण्यात विरघळत नव्हता. अर्धं पाणी आणि अर्धं द्रावक घालावं लागायचं. मी म्हणायचे, जगात सगळ्यांचे रेणू असेच आहेत, लिहून काढ, प्रबंध दे, नाव लाव आणि मग पुढचं बघ. तू म्हणायचीस, विहिरीत काय निम्मं द्रावक असतं का? शेतकऱ्याच्या हातात कागदाची पट्टी देता आली पाहिजे, बुडवली की कळलं पाहिजे. मी चिडून म्हणायचे, तुला डॉक्टर व्हायचंच नाहीये. तू म्हणायचीस, व्हायचंय की, पण एकदाच व्हायचंय. मला तो टोमणा वाटायचा. आज वाटतं, टोमणा नव्हता, तू आपलं जे होतं ते सांगत होतीस. तुझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवली, दुसऱ्यांदा संपली. नव्यानं अर्ज करायचा फॉर्म तू आणून ठेवला होतास, त्यात फक्त विषयाचं नाव भरलं होतंस.

आणि मग एका मंगळवारी, वर्गात शिकवताना, डोकं दुखतंय म्हणून तू खुर्चीत बसलीस. तीन दिवस पुण्याच्या दवाखान्यात होतीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. लोक मला म्हणाले, त्या केमिकलांनीच झालं. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. तुझ्या नखांच्या कडांना गुलाबी होतं आणि नर्स ते स्पिरिटनं पुसत होती. मी तिला सांगितलं, जाणार नाही ते.

उठावण्याच्या शोकबैठकीला नारायणगावातली सगळी पेठ आली होती. बायकांच्या बाजूला मी तुझ्या आईजवळ बसले होते. शेवटी सगळे उठले तेव्हा मला सरूबाई दिसल्या, पार मागं, भिंतीला टेकलेल्या. पांढरी टोपी घालून तात्या बाहेर रस्त्यावर उभे होते. मी सरूबाईंचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. त्या कशानं तरी ओशाळल्यासारख्या झाल्या होत्या.

"शैला, त्या पोरीला मी कवा पान्याचा तांब्या इचारला न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आता लई जिवाला लागतंय."

मी म्हटलं, का नाही विचारलात? त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं.

"का म्हंजी? तिच्यामुळंच तर आमची बाग गेली. ती सवता आली व्हती की सांगाया. म्हनली, पानी मी तपासलं, चूक माझी झाली, शैलाला मीच खोटं सांगितलं, तिचा यात काय बी दोष न्हाई. तू शेजारची पोर, तुला कोन बोलनार? पर तिला बोलली मी. नऊ घरांच्या बायकांदेखत बोलली. ती खाली मान घालून उभी व्हती."

कांचन, मला हे माहीत नव्हतं. तू परत आलीस तेव्हा काहीच बोलली नाहीस. नंतर तात्यांकडे नेलं तुला, ओट्यावर चहाविना बसवलं, तेव्हाही नाही. मी तुला दुकानाची काळजी म्हणून हिणवलं होतं, त्यानंतर दोन तासांनी तू राजुरीत माझा दोष अंगावर घेऊन उभी होतीस. त्या गावात माझे आईवडील राहतात, मला तिथं जन्मभर जावं-यावं लागेल, असा काहीतरी हिशेब तू जीपमध्ये उलटी आवरत केला असशील. तू जिथं-तिथं खरं सांगायचीस. आयुष्यात खोटं बोललीस ते एवढंच, असं मला वाटतं, आणि त्याची दुरुस्ती तू केली नाहीस.

उठावण्याच्या गर्दीत मला सरूबाईंना काही सांगता आलं नाही. रविवारी मी राजुरीला गेले. आमच्या घरी न जाता आधी मळ्यात गेले. तात्या आणि सरूबाई दोघंही ओट्यावर होते. मी उभ्यानंच सांगितलं, की पाणी मी तपासलं होतं, एकदाच तपासलं होतं, आईला मी सांगितलं होतं, आणि कांचननं उलट आधीच मला सावध केलं होतं. चूक तिनं शोधली, केली मी.

सरूबाई म्हणाल्या, "मग तवाच का नाय बोललीस?"

मी म्हटलं, तिनं असं सांगितलंय हे मला माहीतच नव्हतं.

"ते खरं असंल. पर तू आली बी नाय."

तात्यांनी एकच विचारलं, पाइपाचा गंज तिनंच हुडकला ना? मी हो म्हटलं. "मग ते बी सांग समद्यांना," ते म्हणाले. मला कळेना, समद्यांना म्हणजे कुणाला. सरूबाईंनी पायात चपला सरकवल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, चल. नऊ घरांच्या देखत मी तिला बोलले, नऊ घरांत जाऊन तू सांग.

दुपारी चारची वेळ होती. आम्ही घरोघर गेलो. त्या दाराशी उभ्या राहायच्या आणि मी बोलायचे. पहिल्या घरी मी खाली बघूनच सांगितलं. दुसऱ्या घरातल्या काकी म्हणाल्या, जाऊ दे बाई, जुनं झालं. सरूबाई म्हणाल्या, जाऊ दे न्हाई, ऐकून घे. एका घरी टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद करायला लावला. चौथ्या घरी माझी आईच बसलेली निघाली. तिच्यासमोर सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती उठून आमच्याबरोबर चालायला लागली.

शेवटचं घर मळ्याच्या टोकाला. घरात सून एकटीच होती, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ओतूरकडून आलेली, अंगणात भांडी घासत बसली होती. सासू बाजाराला गेली होती. सरूबाई म्हणाल्या, हिला काय सांगायचं, ही तेव्हा नव्हतीच, चल माघारी. पण मी सवयीनं सांगायला सुरुवात केली होती. विहीर, पाइप, गंज, कांचन. ती पोर राखेचे हात तसेच धरून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "पर कांचन कोण?"

सरूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आईही बघायला लागली. त्या मळ्यात असं एक घर होतं, जिथं तुझ्याबद्दल कुणाच्या मनात काहीच नव्हतं, चांगलं नाही, वाईट नाही.

मी तिच्या ओट्यावर बसले. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि समोर येऊन बसली. आणि तू कोण होतीस, ते मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.